फॉसडेमला पहिल्यांदा जाताना: महाराष्ट्रातून ब्रसेल्स आणि परत

जानेवारी सरता सरता किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका शनिवार-रविवारी ब्रसेल्समध्ये फॉसडेम भरतं. २००१ मध्ये सुरू झालेली ही परिषद आज जगभरातल्या मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरवाल्यांच्या सर्वांत मोठ्या मेळाव्यांपैकी एक आहे. ८,००० च्या वर माणसं येतात आणि दोन दिवसांत हजारच्या आसपास टॉक होतात. प्रवेश फी शून्य. तिकीट नाही, नोंदणी नाही, गळ्यात अडकवायचा बिल्लाही नाही. विद्यापीठाच्या आवारात चालत जायचं आणि हव्या त्या खोलीत बसायचं. २०२१ आणि २०२२ ही कोविडची वर्षं सोडली, तर हे दरवर्षी असंच प्रत्यक्ष भरत आलं आहे.

पुण्या-मुंबईतून किंवा जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंडमधून पहिल्यांदा निघालेल्या मराठी मुलामुलींसाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं नियोजन तिच्यावर उभं आहे. फॉसडेमच्या जवळजवळ प्रत्येक खोलीतून थेट प्रक्षेपण होतं आणि नंतर व्हिडिओ सगळ्यांसाठी मोफत उपलब्ध होतात. टॉक घरी बसून बघता येतात. एवढा खर्च करून, एवढ्या थंडीत तिथे जायचं ते माणसांना भेटायला. ज्यांच्याशी तुम्ही महिनोन्‌महिने बगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या, चर्चांमध्ये बोलता, जे तुमचे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, तपासतात, ती माणसं त्या दोन दिवसांत एका आवारात असतात. तिकिटापासून वेळापत्रकापर्यंत प्रत्येक निर्णय घेताना हे लक्षात ठेवा.

आधी ठरवा: यंदा जायचं की नाही

एखाद्या प्रकल्पात तुमचं थोडंफार काम झालं असेल, मग ते कोड असो, भाषांतर असो, दस्तऐवज असोत किंवा बग नोंदवणं असो, तर फॉसडेमचा पुरेपूर उपयोग होतो. अजून कुठेच हात घातला नसेल आणि भारतातून स्वतःच्या खर्चाने जायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: एक वर्ष थांबा. तोवर फॉस युनायटेड या भारतातल्या मुक्तस्रोत संस्थेच्या मुंबई-पुण्यातल्या भेटींना जा, बंगळूरला होणाऱ्या त्यांच्या इंडियाफॉस परिषदेला जा. २०२४ आणि २०२५ मध्ये ते निम्हान्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झालं. मुंबई-पुण्याहून रात्रभराच्या गाडीने पोहोचता येतं आणि तिथे ओळख झालेली माणसं पुढे कामाला येतात. युरोपात आधीच राहत असाल तर मात्र हा विचार करत बसू नका. ट्रेनचं तिकीट काढा आणि जा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: टॉक आणि पैसे

फॉसडेममधले बहुतेक टॉक डेव्हरूममध्ये होतात. डेव्हरूम म्हणजे एका विषयाला किंवा समुदायाला एक दिवस अथवा अर्धा दिवस दिलेली खोली. पायथन, रस्ट, गो, पोस्टग्रेएसक्यूएल, लिबरऑफिस, कायदा आणि धोरण असे अनेक विषय असतात. काही वर्षी भाषांतराचीही स्वतंत्र डेव्हरूम होती, आणि मराठीत सॉफ्टवेअर आणणाऱ्यांनी तिच्यावर डोळा ठेवायला हवा. प्रत्येक डेव्हरूमचे आयोजक वेगळे असतात आणि ते साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टॉकसाठी प्रस्ताव मागवतात. मुदत बहुधा नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपते, आणि निवड डिसेंबरच्या मध्याच्या सुमारास कळते.

पहिल्याच वेळी टॉक द्यावा का? छोट्या, ठोस विषयावर जरूर द्या. "आमच्या प्रकल्पात देवनागरी जोडाक्षरांचा शोध का चुकत होता आणि आम्ही तो कसा दुरुस्त केला" हा प्रस्ताव "मुक्तस्रोत आणि भारताचं भवितव्य" या प्रस्तावापेक्षा कितीतरी पटींनी चांगला. वक्ता असण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे टॉक संपल्यावर लोक आपणहून तुमच्याकडे येतात. ओळख करून घ्यायला बुजणाऱ्या माणसासाठी याहून सोपी वाट नाही.

पैशांचं म्हणाल तर डेव्हरूममध्ये बोलणाऱ्यांनी फॉसडेमकडून प्रवासखर्च मिळेल असं धरून चालू नये. तो मागायचा असतो आपल्या प्रकल्पाकडे. नोम फाउंडेशन, केडीई ई.व्ही. (दोन्ही लिनक्सच्या डेस्कटॉपवर काम करणाऱ्या), डेबियन (लिनक्सची एक आवृत्ती) अशा संस्था आणि प्रकल्प आपल्या योगदानकर्त्यांना प्रवासासाठी मदत करतात. अनेक छोट्या प्रकल्पांकडेही देणग्यांतून जमलेला निधी पडून असतो आणि कोणी विचारलंच नाही म्हणून तो वापरला जात नाही. अर्जात तीन गोष्टी नीट लिहा: तुम्ही आजवर काय केलं, तिथे जाऊन कोणाबरोबर काय करणार, आणि अंदाजे खर्च किती. बहुतेक ठिकाणी आधी मंजुरी आणि मग तिकीट, असा क्रम असतो. मंजुरीआधी काढलेल्या तिकिटाचे पैसे मिळतीलच असं नाही. शिवाय मदत बहुधा प्रवासानंतर, पावत्या दाखवल्यावर हातात पडते. म्हणजे तोवरचा खर्च स्वतः उचलावा लागतो. घरच्यांशी त्याबद्दल आधीच बोलून घ्या.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर भारतातून किंवा इंग्लंडमधून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा, लागतो. जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशा शेंगेन देशाचा वैध निवास परवाना असेल तर वेगळा व्हिसा नको. पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ ठेवले म्हणजे झालं.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. निर्णयाला नेहमी पंधरा दिवस लागतात, पण प्रकरण अडलं तर ते पंचेचाळीसपर्यंत ताणता येतात, आणि मधे नाताळ येतो. टॉकची निवड डिसेंबरच्या मध्याला कळते, म्हणून ती कळेपर्यंत अर्ज थांबवून ठेवणं हा धोक्याचा हिशेब आहे. जायचं नक्की असेल तर नोव्हेंबरातच अपॉइंटमेंट घ्या. टॉक मंजूर झाला तर उत्तमच.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे तुमचा मुख्य मुक्काम, त्या देशाकडे. विमान ॲमस्टरडॅमला उतरणार असलं तरी रात्री ब्रसेल्समध्ये काढणार असाल तर अर्ज बेल्जियमकडे. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथे आधी प्रवेश करणार, त्या देशाकडे. भारतात बेल्जियमचे अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात स्वीकारतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी फी ९० युरो आहे, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. बोटांचे ठसे गेल्या ५९ महिन्यांत कुठल्याही शेंगेन व्हिसासाठी दिले असतील तर साधारणपणे पुन्हा द्यावे लागत नाहीत.

कागदपत्रांमध्ये फॉसडेमपुरती एक खास अडचण आहे. नोंदणीच नसल्यामुळे "मी या परिषदेला जातो आहे" हे दाखवणारी पावतीही नसते. ही उणीव पत्रांनी भरून काढायची. स्वतःचं सविस्तर पत्र लिहा, त्यात परिषदेचं नाव, तारखा, जागा, ती मोफत आणि नोंदणीविना असते ही बाब, तुमचा प्रकल्प आणि तिथलं तुमचं काम हे सगळं साध्या वाक्यांत मांडा. प्रकल्पाच्या संस्थेकडून पत्र घ्या, खर्च ती करणार असेल तर रकमेसह. नोकरी असेल तर कंपनीचं रजेचं पत्र, विद्यार्थी असाल तर महाविद्यालयाचं. टॉक असेल तर निवडीचा मेल आणि जाहीर कार्यक्रमातलं तुमचं नाव असलेलं पान छापून लावा. व्हिसा तपासणारा अधिकारी सॉफ्टवेअरवाला नसतो. पत्र त्याच्यासाठी लिहायचं आहे, त्यामुळे "मेंटेनर", "मर्ज" असले शब्द टाळा किंवा तिथल्या तिथे समजावून सांगा.

बाकीची यादी नेहमीचीच. बँक स्टेटमेंट, आयटीआर, राहण्याचं बुकिंग, जाण्या-येण्याचं आरक्षण, आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतल्यानंतर आणखी तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम भरू नका, त्याने फायद्यापेक्षा शंकाच वाढते. वडिलांकडून पैसे घेतले असतील तर तसं सरळ लिहा आणि त्यांचं पत्र जोडा. बनावट तिकीट देणाऱ्या एजंटांच्या वाटेला जाऊ नका. रद्द करता येणारं आरक्षण मिळतं, ते घ्या.

तिकीट आणि मुक्काम

मुंबईहून ब्रसेल्सला जाताना बहुतेक जण दुबई, अबू धाबी, दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदलतात. दुसरा मार्ग म्हणजे मुंबईहून थेट ॲमस्टरडॅम, पॅरिस किंवा फ्रँकफर्टला उतरायचं आणि पुढे ट्रेनने जायचं. दोन्हींच्या किमती एकत्र करून बघा, ट्रेनचं तिकीट विसरू नका. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर घाई करू नका, भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो.

शेंगेन देशातल्या शहरात विमान बदलणार असाल तर पासपोर्ट तपासणी त्या पहिल्या शहरातच होते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बाहेरच्या प्रवाशांचे फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबू शकतात. मधे दोन विमानांत तीन तासांचं अंतर ठेवा.

स्वस्त विमान कंपन्यांचं "ब्रसेल्स" हे अनेकदा शार्लरुआ असतं. तो विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब आहे आणि तिथून बसने ब्रसेल्सच्या मिदी स्टेशनला यावं लागतं. शहराचा मुख्य विमानतळ झाव्हेंतमचा. तिकिटावर नीट बघून घ्या.

परतीचं तिकीट सोमवारचं काढा. रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास फॉसडेम संपतं, आणि त्या रात्रीचं विमान असेल तर दुपारपासूनच मन घड्याळाकडे लागतं. शेवटच्या दोन-तीन तासांतल्या गप्पा फार मोलाच्या असतात. तोपर्यंत सगळे मोकळे झालेले असतात आणि "पुढे काय करायचं" हे बोलणं तेव्हाच होतं.

मुक्काम कुठे? परिषद भरते ती यूएलबी विद्यापीठाच्या सोल्बोश आवारात, शहराच्या दक्षिण भागात, इक्सेलमध्ये. फ्लाजे चौकाच्या आसपास राहिलात तर सकाळी बस सोपी पडते. सेंट्रल स्टेशनजवळ राहिलात तर संध्याकाळच्या भेटी सोप्या पडतात, कारण जेवणं आणि बैठका बहुधा मध्यवस्तीत होतात. मी मध्यवस्ती निवडेन. मिदी स्टेशनभोवती खोल्या स्वस्त मिळतात, पण पाकीटमारीसाठी तो भाग बदनाम आहे. रात्री उशिरा एकट्याने लॅपटॉप घेऊन चालायची वेळ येणार असेल तर थोडे जास्त पैसे मोजलेले बरे. त्या शनिवार-रविवारी हॉटेलं लवकर भरतात, तेव्हा रद्द करता येणारी खोली आधीच धरून ठेवा.

जानेवारी: माणसांची यादी

कार्यक्रम जाहीर झाला की पहिल्यांदा बघणारा गांगरून जातो. अँड्रॉइडवर फॉसडेम कंपॅनियन हे ॲप घ्या, ते एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲपच्या दुकानातही आहे. त्यात हवे ते टॉक खुणावता येतात. मग कागद घ्या आणि दोन याद्या करा.

पहिली यादी माणसांची. तुमच्या प्रकल्पातलं कोण येणार आहे? चॅटवर विचारा, मेलिंग लिस्टवर विचारा. ज्यांना भेटायचं आहे त्यांना आठवडाभर आधी दोन ओळी लिहा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, मजकूर नेमका हवा. काहीसा असा: "मी पुण्याहून येतो आहे. नोव्हेंबरमध्ये तारखांच्या फॉरमॅटचा पॅच मी दिला होता, तुम्ही तो तपासला होता. शनिवारी दुपारी तुम्ही स्टॉलवर असाल का? मला चाचण्यांच्या मांडणीबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं आहे." यात तुम्ही कोण, आधीचा संबंध काय, कुठे भेटायचं आणि किती वेळ लागेल, हे सगळं आलं. "तुमच्या कामाचा मोठा चाहता आहे, भेटायला आवडेल" अशा मेलला व्यस्त माणूस काय उत्तर देणार?

दुसरी यादी टॉकची, आणि ती छोटी ठेवा. दिवसाला तीन-चार पुरे. व्हिडिओ मिळणारच आहेत. प्रत्यक्ष बसायचं ते अशा टॉकला, जिथे नंतर वक्त्याला काही विचारायचं आहे.

आजूबाजूच्या कार्यक्रमांकडेही बघा. शुक्रवारी ब्रसेल्समध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवाल्यांची पीजीडे ही एका दिवसाची परिषद असते. सोमवारपासून घेंट शहरात कॉन्फिग मॅनेजमेंट कॅम्प भरतो. सर्व्हर आणि ऑटोमेशनचं काम करणाऱ्याने व्हिसाच्या तारखा मागतानाच हे दिवस धरावेत. घेंट ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

आणि स्वयंसेवक म्हणून नाव द्या. फॉसडेम पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. माहिती कक्ष, व्हिडिओ, खोलीच्या दारावरची व्यवस्था, रविवारची आवराआवर अशी कामं आधी वाटून दिली जातात. एकटे जाणार असाल तर दोन तासांची एक पाळी घ्याच. कामाच्या निमित्ताने बोलणं आपोआप सुरू होतं.

बॅगेत काय

ब्रसेल्सची थंडी आकड्यांत फार वाटत नाही, तापमान साधारण एक ते सात अंशांच्या आसपास असतं. पण पाऊस बारीक आणि चिवट असतो, आणि आकाश दिवसभर राखाडी. छत्रीपेक्षा टोपीवालं जलरोधक जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट घ्या. एका इमारतीतून दुसरीत जाताना सतत बाहेर पडावं लागतं. खोल्या मात्र गर्दीने तापलेल्या असतात, म्हणून एकावर एक पातळ कपडे घाला.

सॉकेटसाठी युरोपचा अडॅप्टर आणि एक पॉवर बँक हवी. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. पाण्याची बाटलीही घ्या. बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय आणि टॅप करून होणारे व्यवहार घरूनच सुरू करा, तिथे पोहोचल्यावर ओटीपी न आल्याने खोळंबा होतो.

खाण्याचं बघू. तो काळ नुकत्याच सरलेल्या संक्रांतीचा. तिळगुळाच्या वड्या किंवा चिक्की नेऊन स्टॉलवर वाटण्यासारखा सुंदर परिचय नाही, फक्त देताना शेंगदाणे आणि तीळ आहेत हे आवर्जून सांगा. काहींना त्यांची जीवघेणी ॲलर्जी असते. पेढे, बर्फी, तूप, पनीर मात्र घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांच्या सामानात दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. चिवडा, खाकरा, मेतकूट यांची अडचण नाही.

शाकाहारी असाल तर आणखी एक माहिती हवी. बेल्जियमचे प्रसिद्ध तळलेले बटाटे, म्हणजे फ्रिट, पारंपरिक पद्धतीत गोमांसाच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी. आवारातल्या खाद्यगाड्यांवर मागण्याआधी कशात तळलं आहे ते विचारा. ते विचारण्यात कोणालाच वावगं वाटत नाही.

पोहोचल्यावर

झाव्हेंतमला विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. तिथून वीसेक मिनिटांत सेंट्रल स्टेशन येतं. ब्रसेल्समध्ये सगळ्या पाट्या फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत असतात आणि नावं चक्क वेगळी दिसतात: ब्रुसेल-मिदी आणि ब्रुसेल-झाउड हे एकच स्टेशन. नेदरलँड्सहून येणाऱ्या गाडीत झाउड हे नाव ऐकू येईल. जर्मनीतून कोलोन-आखेनमार्गे येणारी आयसीई, आणि लंडन व पॅरिसहून येणारी युरोस्टार, या गाड्याही इथेच थांबतात.

सेंट्रल स्टेशनजवळून यूएलबीला ७१ नंबरची बस जाते. दिशा डेल्टा, उतरायचं यूएलबी थांब्यावर. लुईझ चौकातून ८ नंबरची ट्रॅमही आहे. वेगळं तिकीट काढायची गरज नाही, बसमधल्या यंत्रावर बँकेचं कार्ड टॅप करायचं. बस बदलली की त्याच कार्डाने पुन्हा टॅप करायचं, दिवसाची कमाल मर्यादा यंत्रणा आपोआप सांभाळते. शनिवारी सकाळी ७१ मध्ये पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि बॅगेवर स्टिकर असलेली माणसं दिसली की नकाशा बंद केला तरी चालेल, ती उतरतील तिथे उतरा.

शुक्रवारी शक्य तितक्या लवकर पोहोचा. भारताची वेळ साडेचार तास पुढे आहे, म्हणजे पहिल्या रात्री नऊलाच झोप येते आणि पहाटे चारला जाग. शुक्रवारी संध्याकाळी बीअरच्या निमित्ताने मंडळी मध्यवस्तीत जमतात. दारू पीत नसाल तरी जाऊन या, हातात काय आहे हे कोणी बघत नाही. पण तिथली गर्दी आणि गोंगाट मोठा असतो, शांत बोलणं व्हायचं नाही. तासभर थांबून झोपायला गेलात तर काही हुकत नाही.

शनिवार

सकाळी साडेनऊच्या सुमारास यान्सन सभागृहात स्वागत होतं. हे इथलं सगळ्यात मोठं सभागृह, १,४०० च्या आसपास माणसं मावणारं. पहिल्या वर्षी त्या स्वागताला जा, आवाराचा अंदाज येतो. मग इमारतींची अक्षरं लक्षात ठेवा: जे म्हणजे यान्सन, शिवाय के, एच, एडब्ल्यू आणि यू. खोलीच्या क्रमांकात इमारतीचं अक्षर पहिलं येतं. यू इमारतीतले मजले आणि जिने नवख्याला हमखास चकवतात. फॉसडेमच्या संकेतस्थळावर आतल्या वाटा दाखवणारा नकाशा आहे, तो मोबाइलवर उघडून ठेवा.

आता डेव्हरूमच्या दाराबद्दल. दोन टॉकच्या मधे जेमतेम पाच-दहा मिनिटं असतात. आतले बाहेर पडतायत, बाहेरचे भिंतीला चिकटून उभे, आणि दारात एक स्वयंसेवक हात वर करून "आधी बाहेर येऊ द्या" म्हणतोय, हे दृश्य संध्याकाळच्या दादर स्टेशनच्या जिन्यासारखं असतं. बाकं भरली की दारावर "फुल" असं लिहिलेला कागद लागतो आणि मग कितीही विनवणी केली तरी आत सोडत नाहीत. आगीच्या सुरक्षेचा नियम आहे, मधल्या वाटेत उभं राहायला किंवा बसायला मनाई आहे. यावर उपाय एकच: हव्या त्या टॉकच्या आधीचा टॉकही ऐका. आत गेल्यावर काठावर न बसता बाकाच्या मध्यापर्यंत सरका, म्हणजे मागून येणाऱ्यांना जागा होते. तुमची खोली भरलीच तर बाहेर बाकावर बसून मोबाइलवर थेट प्रक्षेपण बघा, किंवा सरळ स्टॉलकडे जा.

वायफायचं एक वेगळेपण आहे. "फॉसडेम" नावाचं मुख्य नेटवर्क फक्त आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, चालतं. एखादं जुनं ॲप किंवा कंपनीचं व्हीपीएन त्यावर अडलं तर "फॉसडेम-एन्शंट" या दुसऱ्या नेटवर्कला जोडा. तुमचं स्वतःचं सॉफ्टवेअर मुख्य नेटवर्कवर चालत नसेल तर मात्र ते नोंदवून ठेवा, हा बग इतक्या सहज दुसरीकडे सापडत नाही.

स्टॉल के, एच आणि एडब्ल्यू इमारतींमध्ये पसरलेले असतात. डेबियन, केडीई, नोम, डोक्यावर नारिंगी शंकू घातलेले व्हिडिओलॅनवाले, म्हणजे व्हीएलसी प्लेअर बनवणारे. इथे खरं काम होतं. स्टिकर उचलून पुढे सरकू नका. टेबलामागची माणसं बहुधा स्वतः तो कोड लिहिणारी असतात. "मी तुमचं हे वापरतो" एवढं म्हणून थांबलात तर "छान" एवढंच उत्तर येईल. "मी हे मराठीत वापरतो, आणि अक्षरं अमुक ठिकाणी अशी तुटतात" असं म्हणून लॅपटॉप उघडलात, की टेबलामागची व्यक्ती पुढे वाकते, तिसऱ्याला हाक मारते, आणि अर्ध्या तासात तुमचा बग योग्य माणसाच्या नावावर लागलेला असतो. म्हणून दाखवण्यासारखी एक-दोन उदाहरणं लॅपटॉपवर तयार ठेवा, नेट नसताना चालतील अशी. देवनागरीचे प्रश्न त्यातल्या बहुतेकांनी प्रत्यक्ष कधी पाहिलेले नसतात. ते दाखवणारं माणूस त्यांना हवंच असतं.

घोळक्यात शिरायला संकोच वाटत असेल तर एरिक होल्शर या सॉफ्टवेअरवाल्याने रूढ केलेला पॅकमॅन नियम लक्षात ठेवा, नाव त्या जुन्या खेळातल्या तोंड उघडलेल्या गोलावरून. गोलात उभे राहताना नेहमी एका माणसापुरती जागा मोकळी सोडायची. तशी जागा दिसली तर ती तुमच्यासाठी आहे. तुम्ही उभे असाल तर तुम्हीही सोडा, विशेषतः आपण चार मराठी बोलणारे एकत्र जमलो तेव्हा. आपल्या भाषेत बोलण्याचा आनंद मोठा असतो, पण कोणी बाजूला येऊन उभं राहिलं की इंग्रजीत या.

लॅपटॉप बाकावर ठेवून चहाला जाऊ नका. नोंदणी नसलेल्या ठिकाणी कोणीही आत येतं, चोरही. दुपारी जेवणाच्या रांगा लांब असतात, साडेअकराला किंवा दोननंतर खा. नाहीतर डबा उघडा. आणि मास्क वापरायला लाजू नका. एवढी माणसं बंद खोल्यांत दोन दिवस बसतात आणि पुढच्या आठवड्यात निम्मं चॅट खोकत असतं.

प्रत्येक भेटीनंतर लगेच, तिथेच उभ्या उभ्या, नाव आणि ठरलेली गोष्ट मोबाइलमध्ये टिपून ठेवा. रात्रीपर्यंत सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात.

रविवार आणि परतीचा प्रवास

रविवारी खोली सोडायची असेल तर सामान हॉटेलात ठेवा किंवा आवारातल्या क्लोकरूममध्ये. क्लोकरूम कधी बंद होते ते सकाळीच विचारा. रविवारी शहरातली बरीच दुकानं बंद असतात, घरच्यांसाठी चॉकलेट घ्यायचं असेल तर शुक्रवारीच घ्या.

दुपारनंतर गर्दी थोडी सैल होते. शनिवारी अर्धवट राहिलेल्या गप्पा आता पुऱ्या करा. संध्याकाळी आवराआवरीला हात लावा, खुर्च्या उचलायला आणि तारा गुंडाळायला माणसं हवी असतात.

त्याच रात्री निघावंच लागलं तर आवारातून झाव्हेंतमपर्यंत बस आणि ट्रेन मिळून सव्वा तास धरा आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. म्हणजे दहाच्या विमानासाठी साडेपाचला निघायला हवं. बोर्डिंग पास फेकू नका. खर्च परत मिळवताना तो लागतो.

घरी आल्यावर

पहिल्या तीन-चार दिवसांत टिपणं काढून बसा. भेटलेल्या प्रत्येकाला छोटा मेल लिहा आणि जे ठरलं होतं ते त्यात नमूद करा. बग नोंदवायचा होता तर त्याचा दुवा सोबत द्या. जे टॉक हुकले त्यांचे व्हिडिओ येत राहतात, काही त्याच दिवशी, काही उशिरा. प्रत्येक टॉकच्या पानावर अभिप्राय पाठवायची सोय आहे. ज्याचा टॉक आवडला त्याला दोन ओळी लिहा, वक्त्यांना असे अभिप्राय फार कमी मिळतात.

प्रवासमदत मिळाली असेल तर पावत्या, बोर्डिंग पास आणि युरोचा त्या दिवशीचा दर दाखवणारं कार्डाचं स्टेटमेंट एकाच फायलीत लावून मुदतीच्या आत पाठवा. बऱ्याच प्रकल्पांना सोबत प्रवासाचा छोटा अहवालही हवा असतो. तो लिहिताना कोणाला भेटलात आणि त्यातून कोणतं काम सुरू झालं, एवढं नावानिशी लिहा. निधी ठरवणारी माणसं पुढच्या ऑक्टोबरात नव्या अर्जदारांचा विचार करताना हेच अहवाल उघडून बघतात.